इथली घडण, तिथली चाल

पळसाला पाने तीनच, ही म्हण आपण बहुधा समाधानासाठी वापरतो. कुठेही गेलात तरी माणसे तीच आणि अडचणीही त्याच, असा तिचा सूर असतो. महाराष्ट्राबाहेर दोन-चार पिढ्या काढलेल्या घरांना मात्र ती अर्धीच पटते. पाने तीन असतील. पण त्यांची पत्रावळ मांडल्यावर आधी वरण-भात वाढायचा की आधी पोळी-भाजी आणि भात शेवटी, यावर वडोद्यातल्या एकाच पंगतीत दोन मते निघतात. ज्या वाढप्याने हे आधी विचारून घेतले नाही त्याची फजिती ठरलेली.

हा लेख संगणकाविषयी आहे, पण त्यातला प्रश्न याच पंगतीतला आहे. एखादी वस्तू आपण आपल्या घरी घडवतो. ती चालणार असते दुसऱ्याच्या घरी, आपण तिथे नसताना. तिच्याबद्दल आपण कुठवर उत्तरदायी? ‘माझ्याकडे ती निर्दोष होती’ एवढे सांगून सुटका होते काय?

संगणकाच्या व्यवसायात हा प्रश्न ज्या कामात रोज उभा राहतो त्या कामाला क्रॉस-कंपायलिंग म्हणतात. ते काय असते हे आधी पाहू. संगणकाच्या चिपला माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा कळत नाही. प्रत्येक जातीच्या चिपचे हुकूम वेगळे. घरच्या संगणकातल्या इंटेलच्या चिपला जे हुकूम कळतात, ते मोबाइलमधल्या एआरएम जातीच्या चिपला कळत नाहीत. माणसाने लिहिलेल्या मजकुराचे चिपच्या हुकुमांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. साधारणपणे ज्या यंत्रावर हे रूपांतर होते त्याच यंत्रावर प्रोग्रॅम चालतो. पण रूपांतर एका यंत्रावर आणि चालणे दुसऱ्याच जातीच्या यंत्रावर, असे जेव्हा होते तेव्हा ते क्रॉस-कंपायलिंग.

ही काही शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेतली दुर्मीळ गोष्ट नव्हे. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात मुले आर्डुइनो नावाची निळी पाटी घेऊन दिवे लुकलुकवतात. तिच्या नेहमीच्या ऊनो या प्रकारात प्रोग्रॅम साठवायला ३२ किलोबाइट आणि काम करताना वापरायला अवघी २ किलोबाइट जागा असते. तिथे कंपायलर मावणे शक्यच नाही. मूल लॅपटॉपवर बटण दाबते, लॅपटॉप त्या परक्या चिपसाठी हुकूम तयार करतो आणि तारेवाटे पाटीवर पाठवतो. मुलाला माहीत नसते, पण त्याने क्रॉस-कंपायलिंग केलेले असते. दूध मंडळीतले फॅट मोजणारे यंत्र, शेतावरचा मोबाइलने चालू-बंद होणारा पंपाचा स्टार्टर, घराच्या भिंतीवरचे विजेचे नवे मीटर, या सगळ्यांच्या पोटातल्या लहान चिपांसाठी स्वयंपाक असाच दुसरीकडे होतो. ज्या घरात चूल नाही त्या घरी हा डबा जातो.

एके काळी असा डबा भरणे फार कष्टाचे होते. परक्या चिपसाठी आधी हत्यारे जमवायची, मग त्या हत्यारांनी मूळ ग्रंथालये बांधायची, मग त्या ग्रंथालयांच्या आधारे पुन्हा पुरी हत्यारे बांधायची. क्रम चुकला की पहिल्यापासून आरंभ. त्यात दिवस जात. आता चित्र पालटले आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात २००० साली एलएलव्हीएम नावाचा प्रकल्प सुरू झाला. ख्रिस लॅटनर आणि आपल्या मुंबईच्या आयआयटीत शिकलेले विक्रम आडवे हे त्याचे जनक. त्यातली कल्पना सोपी आहे. दहा भाषा आणि दहा जातींच्या चिपा असल्या तर शंभर दुभाषे लागतात. पण मध्ये एक सामाईक रूप ठेवले, की दहा जण त्या रूपात आणणारे आणि दहा जण त्यातून नेणारे, अशा विसांत भागते. पुढे रस्ट आणि झिग या भाषांनी याच पायावर आपली हत्यारे उभारली. गो या भाषेने स्वतंत्र वाटेने तेच साधले. गोमध्ये दोन शब्द बदलले की तोच प्रोग्रॅम दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी तयार होतो. झिग तर अनेक परक्या यंत्रांच्या ग्रंथालयांचा शिधा आपल्या पिशवीतच घेऊन येते.

ही प्रगती मोठी आहे, आणि तिच्यामुळेच आपला प्रश्न अवघड झाला आहे. कारण सोपे काय झाले? घडवणे सोपे झाले. जाणणे सोपे झाले नाही. पूर्वी परक्या यंत्रासाठी काम करणाऱ्याला त्या यंत्राची इतकी कुंडली मांडावी लागे की, नको म्हटले तरी त्याची ओळख होई. आज ओळख नसताना डबा भरता येतो.

ओळख नसल्याने काय होते, ते पादऱ्याच्या बाजारात रोज कळते. नुकतीच लग्न होऊन आलेली मराठी सून गुजराती शेजारणीला विचारते, सुतार कधी येणार? उत्तर येते, ‘काले.’ सून समजते, तो काल येऊन गेला. गुजरातीत ‘काले’ म्हणजे काल आणि उद्याही. कोणता, ते क्रियापदावरून ठरते. शब्द ओळखीचा, उच्चार ओळखीचा, म्हणून तर शंका येत नाही. अगदी अनोळखी शब्द असता तर तिने पुन्हा विचारले असते. (शेजारीण ‘आजे नवरा छो?’ असे विचारते तेव्हा ती नवऱ्याची नव्हे, रिकाम्या वेळेची चौकशी करत असते, हेही तिला काही दिवसांनी उमगते.)

यंत्रांच्या जगात हुबेहूब हेच घडते. सी या जुन्या आणि आजही सर्वत्र वापरात असलेल्या भाषेत एक अक्षर साठवण्याचा जो प्रकार आहे, त्यातला आकडा अधिक-उणे चिन्हासह वाचायचा की चिन्हाविना, हे भाषेने मोकळे सोडले आहे. इंटेलच्या संगणकावरचे नेहमीचे कंपायलर तो चिन्हासह वाचतात. एआरएम चिपवरच्या लिनक्समध्ये तो चिन्हाविना वाचला जातो. त्यामुळे एका ठिकाणी जो आकडा २०० असतो तोच दुसऱ्या ठिकाणी उणे ५६ होतो. कंपायलर तक्रार करत नाही, कारण दोन्ही वाचने नियमाला धरूनच आहेत. कालचे उद्या होते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

हा तपशील इतक्या बारकाईने सांगण्याचे कारण असे की, तो आपल्या लिपीच्या घरापाशी येऊन पोहोचतो. इंग्रजी अक्षरांचे आकडे १२७च्या आत असतात. तिथवर दोन्ही वाचने सारखीच. देवनागरी आणि गुजराती लिपीतले प्रत्येक चिन्ह आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट घेते आणि त्यातला प्रत्येक बाइट १२७च्या वर असतो. म्हणजे घडवणाऱ्याने आपल्या टेबलावर इंग्रजी नाव टाकून पाहिले तर सर्व ठीक दिसेल. दोष दिसेल तो ‘पाटील’ किंवा ‘पटेल’ आपल्या लिपीत टाकल्यावर, आणि तोही परक्या यंत्रावरच. समजा, दुधाच्या पावतीवर एखाद्या सभासद बाईचे नाव अशा दोषामुळे विस्कटले किंवा तिचे खाते सापडेनासे झाले. ती काय म्हणेल? ‘मशीनमां नाम नथी’ हे ऐकून ती घरी जाईल. कंपायलर हा शब्द तिने ऐकलेला नसतो. तक्रार करायला जो शब्द लागतो तोच तिच्यापाशी नाही. बहुधा ती स्वतःलाच दोष देईल, की आपणच काही तरी चुकीचे दाबले असावे. माझ्या मते या सगळ्या विषयाचे नैतिक वजन इथे आहे. ज्याच्या घरी वस्तू चालते त्याला ती कुठे आणि कशी घडली हे कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून त्याच्या वतीने शंका घेण्याचे काम घडवणाऱ्याकडेच येते.

या कामातल्या जाणत्यांनी एक शिस्त घालून घेतली आहे, ती विचार करण्यासारखी आहे. क्रॉस-कंपायलिंगमधला फार जुना दोष असा की, परक्या यंत्रासाठी प्रोग्रॅम बांधताना एखादे ग्रंथालय सापडले नाही तर बांधणारे हत्यार नकळत आपल्याच यंत्रावरचे ग्रंथालय उचलते. कधी बांधणी तिथेच अडते, ते बरे. पण कधी ती सुरळीत पार पडते आणि आपल्या घरचे माप परक्याच्या डब्यात जाते. यावर उपाय म्हणून आपल्या यंत्रावर एक वेगळी जागा राखतात. त्या जागेत परक्या घराची हुबेहूब मांडणी करतात आणि हत्याराला बजावतात की, जे हवे ते याच कुंपणाच्या आत शोध. बाहेर, म्हणजे माझ्या घरात, पाहू नकोस. या जागेला सिसरूट म्हणतात.

आपल्या परंपरेत आत्मौपम्याची शिकवण मोठी मानली आहे. दुसऱ्याचे सुखदुःख आपल्यासारखेच जाणावे, हा तिचा गाभा, आणि तो खराच आहे. पण त्या शिकवणीचा एक सोयीस्कर अर्थ आपण काढतो: मला जे चालते ते त्यालाही चालेल. सिसरूटची शिस्त या अर्थाला आडवी येते. दुसऱ्याचे दुःख माझ्यासारखे आहे, म्हणून दुसऱ्याचे घर माझ्यासारखे आहे, असे होत नाही. त्याच्या दुःखाची कदर करायची तर त्याच्या घराचे माप घ्यावे लागते, आणि माप घेताना आपले घर कुंपणाबाहेर ठेवावे लागते. सद्भावनेने हे आपोआप होत नाही. उलट, सद्भावना असली की माणूस अधिक विश्वासाने आपलेच माप लावतो.

वडोदे संस्थानच्या इतिहासात या दोन रीतींची उदाहरणे पाठोपाठ आली आहेत, आणि पहिल्यात आमच्या गावाचे नाव आहे. खंडेराव महाराजांविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून १८६३ साली त्यांचे धाकटे बंधू मल्हारराव यांना पादऱ्यास कैदेत ठेवण्यात आले. १८७० साली खंडेराव वारले आणि मल्हारराव कैदेतून निघून थेट गादीवर बसले. मध्ये तयारीचा काळ नव्हता. १८७५ साली गैरकारभाराच्या ठपक्यावरून इंग्रजांनी त्यांना दूर केले. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक येऊन सयाजीराव झाला. त्याला अधिकार मिळाले १८८१च्या डिसेंबरात. मधली सहा वर्षे इलियट या शिक्षकाच्या हाताखाली आणि दिवाण टी. माधवराव यांच्या देखरेखीत त्याची घडण झाली, आणि शिकवलेल्या भाषांत मराठीइतकीच गुजरातीही होती. मल्हाररावांचे सगळेच दोष तयारीच्या अभावावर ढकलणे बरोबर नाही, हे खरे. पण जिथे बसायचे तिथले माप घेऊन घडवणे आणि तसे न घडवता बसवणे, यांतले अंतर या दोन कारकिर्दींत दिसते.

सयाजीराव मराठी होते, प्रजा बहुतांशी गुजराती होती. मराठीत चालते ते प्रजेला चालेल, असे त्यांनी धरले नाही. १८९० साली वडोद्यास कलाभवन निघाले तेव्हा त्याचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह तांत्रिक शिक्षण लोकांच्या भाषेत देण्याचा होता. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली आधी अमरेली भागात करून पाहिला गेला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानात लागू झाला. म्हणजे जिथे चालवायचे तिथे चालवून पाहून मग पुढे जाणे. १९३१ साली तर ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश प्रसिद्ध झाला. राज्यकारभाराचे शब्द त्यात आठ भाषांत शेजारी शेजारी मांडले आहेत. एका भाषेतला हुकूम दुसऱ्या भाषेच्या घरात जाताना काल-उद्याचा घोटाळा होऊ नये, यासाठी केलेली ती खटपट होती.

येथवर आपण घडवणाऱ्याच्या अज्ञानाविषयी बोललो. पण घडवणारा जागरूक असला तरी त्याच्या हातातल्या हत्याराचे काय? केन टॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेले भाषण १९८४ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी दाखवले की, कंपायलरमध्येच अशी चोरवाट पेरता येते की, तो एखादा विशिष्ट प्रोग्रॅम ओळखून त्यात दरवाजा उघडा ठेवील. आणि कंपायलर स्वतःचीच नवी आवृत्ती बांधत असेल तेव्हा ही चोरवाट पुन्हा तिच्यात घालील. मग मूळ मजकुरातून चोरवाटेची ओळ पुसून टाकली तरी ती वस्तूत राहते. मजकूर कितीही वाचा, सापडणार नाही. ही केवळ कल्पना राहिली नाही. २०१५ साली आयफोनसाठी प्रोग्रॅम बांधण्याच्या एक्सकोड या हत्याराच्या भेसळ केलेल्या प्रती चीनमध्ये पसरल्या. अधिकृत प्रत उतरवून घ्यायला वेळ लागे, म्हणून पुष्कळांनी दुसरीकडून घेतली. त्यांनी लिहिलेला मजकूर शुद्ध होता. त्यांच्या मॅकवरून लोकांच्या फोनांत गेलेली वस्तू शुद्ध नव्हती.

यात लिहिणाऱ्यांचा दोष किती? हेतू वाईट नव्हता, अक्षर चुकले नव्हते. तरी ज्यांच्या फोनात ती भेसळ गेली त्यांना ‘आमचा हेतू चांगला होता’ हे उत्तर पुरत नाही. दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी यातून मान्य करावे लागते. स्वयंपाकिणीने विष कालवलेले नसते; पण पीठ कोठून आणले हे तिने पाहायचे असते. यावर आज जो मार्ग वापरात येत आहे तो आपल्या पंचांच्या पद्धतीसारखा आहे. एकाच मजकुरापासून निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या ठिकाणी वस्तू बांधायची आणि दोन्ही वस्तू बिट-बिट जुळवून पाहायच्या. डेबियन या प्रणालीच्या स्वयंसेवकांनी २०१३ पासून हे काम नेटाने चालवले आहे. कुणा एकावर विश्वास ठेवण्याऐवजी कुणालाही पडताळता येईल अशी वस्तू ठेवणे, हा त्याचा अर्थ.

कोणी विचारील, सगळ्यांची सगळी घरे आधी पाहायची म्हटले तर वस्तू घडायची कधी? आक्षेप रास्त आहे. १९९६ च्या ४ जूनला युरोपचे एरियान ५ हे रॉकेट उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत फुटले. दिशा सांभाळणारा प्रोग्रॅम आधीच्या एरियान ४ मधून आणलेला होता. तिथे त्याने चोख काम केले होते. नव्या रॉकेटचा आडवा वेग अधिक होता, तो आकडा ठरवून दिलेल्या १६ बिटांच्या जागेत मावला नाही. एवढा खर्च करणाऱ्यांकडूनही नव्या घराचे माप घ्यायचे राहिले, तर साध्या कारागिराने काय करावे?

याचे उत्तर मला रस्ट या भाषेच्या व्यवस्थेत सापडते. ती ज्या ज्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम बांधते त्यांच्या तिने तीन पायऱ्या जाहीर केल्या आहेत. पहिल्या पायरीच्या यंत्रांसाठी हमी अशी की, वस्तू चालेल. कारण तिथे ती तपासून पाहिली जाते. दुसऱ्या पायरीसाठी हमी एवढीच की, वस्तू बांधली जाईल. चालेलच असे वचन नाही. तिसरीत सोय आहे, पण आपोआप ना बांधून पाहिली जाते, ना तपासली जाते. या यादीत मला मोठी सचोटी दिसते. घडेल आणि चालेल यांतला फरक तिने घेणाऱ्यापासून लपवला नाही. सगळी घरे पाहणे कुणालाच शक्य नाही. पण कोणते घर पाहिले आणि कोणते पाहिले नाही हे सांगणे प्रत्येकाला शक्य आहे. अज्ञान क्षम्य असते. अज्ञानावर हमीचा शिक्का मारणे क्षम्य नसते. आणि शिक्का न मारता दिलेल्या वस्तूसोबत एक गोष्ट आणखी द्यायला हवी: बिघडले तर ती खबर परत आपल्यापर्यंत यावी अशी वाट. दूध घालणाऱ्या बाईला कंपायलर हा शब्द ठाऊक नसला तरी, तिचे नाव विस्कटले एवढे तिने सांगावे आणि ते ऐकणारे कुणी असावे.

सीमेवरच्या आणि सीमेपलीकडच्या आपल्या घरांना ही यादी निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. आपण मुलांना मराठीत वाढवतो, गुजराती किंवा कानडी शेजारात खेळवतो, इंग्रजीत शिकवतो आणि ती कुठल्या गावी, कुठल्या देशात संसार करतील हे आपल्याला ठाऊक नसते. आपले माप त्यांच्या शिदोरीत किती घालावे आणि किती कुंपणाबाहेर ठेवावे, हा प्रश्न घरोघरी आहे. मुले यंत्रे नाहीत. ती नव्या घरी गेल्यावर स्वतःला पुन्हा घडवतात, हा मोठा दिलासा. तरीही आईबाप फार तर दुसऱ्या पायरीची हमी देऊ शकतात, आणि ‘सगळीकडे पळसाला पाने तीनच’ असे सांगून त्यांना पाठवण्यापेक्षा ती तशी सांगूनच पाठवावे. मग काही अडले तर त्यांना घरी फोन करायला संकोच वाटणार नाही.